असाटीग बेटावर मुले आणि ज्येष्ठांसह तंबूत राहणे: कधी जावे, कुठे उतरावे?

पुळणवाट
नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. या उन्हाळ्यात पुण्याहून सासू-सासरे येणार असून ते ऑक्टोबरअखेरपर्यंत इथे आहेत. दोघेही सत्तरीच्या पुढचे, पण रोज चालणारे आहेत. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेरीलँडच्या किनाऱ्यावरील असाटीग बेटावर दोन-तीन रात्री तंबूत राहावे असा आमचा विचार आहे. मुलांना तिथले मोकळे घोडे पाहायचे आहेत, आणि समुद्राची गाज ऐकत झोपावे ही सासऱ्यांची फार जुनी इच्छा आहे.

अधिकृत माहिती वाचून गोंधळ वाढला, कारण एकाच बेटावर राष्ट्रीय सागरकिनारा, राज्य उद्यान आणि वन्यजीव अभयारण्य अशा तीन निरनिराळ्या व्यवस्था दिसतात. आमच्यासारख्या कुटुंबाने यांपैकी कुठे उतरावे? जुलै योग्य आहे का? आणि वयस्कर माणसांना तंबूत ठेवणे शहाणपणाचे आहे का, की जवळच्या ओशन सिटीत खोली घेऊन दिवसा बेटावर जाऊन यावे? मला स्वतःला वाटते की रात्र तिथे काढल्याशिवाय बेट पाहिल्याचे समाधान मिळणार नाही; परंतु ज्यांनी हे केले आहे त्यांचे मत मला अधिक मोलाचे आहे.

खाडीवारा
पुळणवाट, प्रथम तुमचा गोंधळ दूर करतो. असाटीग हे किनाऱ्याला समांतर पसरलेले, सुमारे ३७ मैल लांबीचे वाळूचे बेट आहे. त्याचा उत्तरेकडील मोठा भाग मेरीलँडमध्ये आणि दक्षिणेकडील भाग व्हर्जिनियात येतो. मेरीलँडच्या हद्दीत राष्ट्रीय सागरकिनारा आहे आणि त्याच्या मधोमध सुमारे दोन मैलांच्या पुळणीवर मेरीलँडचे राज्य उद्यान आहे. व्हर्जिनियाच्या बाजूला शिंकटीग राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे आणि तिथे मुक्काम करता येत नाही. म्हणून तंबू ठोकायचा असेल तर मेरीलँडच्याच बाजूने जावे लागते. बेटाच्या आतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणारा रस्ता नाही. दोन्ही टोके पाहायची असतील तर मुख्य भूमीवरून तासाभराहून अधिक वळसा घालावा लागतो.

जुलैबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. जाऊ नका. बेटाच्या पश्चिमेला खाजणे आहेत आणि तिथे उन्हाळ्यात डासांचे राज्य असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात हिरव्या डोळ्यांच्या चावऱ्या माश्यांची भर पडते. या माश्या कपड्यांवरूनही चावतात आणि दिवसाउजेडी चावतात. मुले रडतील आणि आजी-आजोबा गाडीत बसून राहतील. तुमच्या हातात ऑक्टोबरपर्यंतचा वेळ आहे, तर सप्टेंबरच्या मध्यानंतरचा किंवा ऑक्टोबरच्या आरंभीचा शनिवार-रविवार गाठा.

मितभाषी
खाडीवारा यांच्याशी शब्दशः सहमत. जुलैत तिथे माणूस सहलीला जातो आणि मेजवानी डासांची होते.

ओलीवाळू
मी जुलैला सरसकट नकार देणार नाही. आम्ही भर उन्हाळ्यात राज्य उद्यानात राहिलो आहोत आणि मुलांनी मनसोक्त मजा केली आहे, कारण तेव्हा पाणी उबदार असते आणि नेमलेल्या पुळणीवर जीवरक्षक असतात. सगळा भेद जागेच्या निवडीत आहे. समुद्राच्या बाजूच्या जागांवर वारा वाहता असेल तर डास टिकत नाहीत. खाडीच्या बाजूच्या जागा सूर्यास्ताला देखण्या दिसतात, पण उन्हाळ्यात तिथे संध्याकाळ सोसवत नाही. मात्र एक गोष्ट मान्य करते, की वारा जमिनीकडून वाहू लागला की समुद्राची बाजूही सुटत नाही, आणि वारा आपल्याला आरक्षित करता येत नाही.

ज्येष्ठांसाठी माझी शिफारस राज्य उद्यानाची आहे. तिथे गरम पाण्याची स्नानगृहे आणि पाण्याची शौचालये आहेत. राष्ट्रीय सागरकिनाऱ्याच्या छावणीत रासायनिक शौचालये आणि थंड पाण्याचे उघडे फवारे असतात. तरुणांना त्याचे काही वाटत नाही, पण रात्री दोनदा-तीनदा उठावे लागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक संपूर्ण सहलीचा निकाल ठरवतो. सासूबाईंना याविषयी आधीच मोकळेपणाने विचारा. त्या भिडस्तपणे हो म्हणतील, म्हणून दोन्ही व्यवस्थांची छायाचित्रे दाखवून विचारा.

दीपमाळ
पुळणवाट, तुम्ही जुलैचा शेवटचा आठवडा निवडला आहे तो शिंकटीगच्या घोड्यांच्या पोहण्यासाठी का? तसे असेल तर एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेटावर दोन वेगळे कळप आहेत आणि राज्यांच्या सीमेवर कुंपण आहे. मेरीलँडच्या कळपाची देखभाल राष्ट्रीय उद्यान सेवा करते. व्हर्जिनियाचा कळप शिंकटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे. १९२५ पासून हे दल जुलैच्या शेवटच्या बुधवारी आपले घोडे अरुंद खाडीतून पोहत शिंकटीग बेटावर आणते आणि दुसऱ्या दिवशी काही शिंगरांचा लिलाव होतो. त्या उत्पन्नातून दलाचा खर्च भागतो आणि कळपाची संख्याही मर्यादेत राहते. हा सोहळा पाहण्यासारखा आहेच, पण त्या दिवशी गर्दी अफाट असते, माणसे पहाटेपासून चिखलात उभी असतात, आणि तुमचा तंबू तर मेरीलँडच्या टोकाला असणार. सत्तरीच्या माणसांना हे झेपणार नाही.

पुळणवाट
दीपमाळ, मुलांच्या मनात तेच होते, हे खरे. दोन वेगळे कळप आहेत हे मला ठाऊक नव्हते. आता आणखी एक प्रश्न पडला. हे घोडे बेटावर आले कुठून? सासऱ्यांनी दूरध्वनीवर तोच विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

दीपमाळ
किनाऱ्यावर फुटलेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले, ही लोकप्रिय कथा आहे. उद्यान सेवेच्या मते अधिक संभवनीय कारण साधे आहे: सतराव्या शतकाच्या अखेरीस मुख्य भूमीवरील वसाहतवाले जनावरांवरील कर आणि कुंपण घालण्याची सक्ती टाळण्यासाठी आपले घोडे या बेटावर सोडत, त्यांचे हे वंशज आहेत. मी अनेक वर्षे जहाजाची कथा भाकड मानत आलो. परंतु २०२२ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी आजच्या हैतीतील सोळाव्या शतकाच्या एका स्पॅनिश वसाहतीत सापडलेल्या घोड्याच्या दाताचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि त्या घोड्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक शिंकटीगचे घोडे असल्याचे त्यात आढळले. यावरून जहाज फुटल्याचे सिद्ध होत नाही, कारण स्पॅनिश वंशाचे घोडे अन्य मार्गांनीही वसाहतींत पोहोचू शकत होते. तरीही कथेला पूर्वीपेक्षा वजन आले आहे, आणि सासऱ्यांना दोन्ही बाजू सांगण्यासारख्या आहेत.

मितभाषी
घोड्यांना चकली आवडते का, एवढेच विचारून ठेवतो.

रानजाई
मितभाषी, प्रश्न गमतीचा असला तरी उत्तर गंभीरपणे देते, कारण या बेटावर घोड्यांचा घात बहुधा माणसाच्या खाऊनेच होतो. हे घोडे तंबू फाडून आत शिरतात, साधी शीतपेटी सहज उघडतात आणि मेजावरचे काहीही सोडत नाहीत. एकदा माणसाचे अन्न लाभले की ते रस्त्यावर गाड्यांपाशी येऊन उभे राहू लागतात आणि मग गाडीखाली सापडतात. फार आक्रमक झालेल्या घोड्यांना बेटावरून कायमचे हलवावे लागले आहे. म्हणून घोड्यांपासून किमान ४० फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे आणि तो मोडल्यास दंड होतो. घोडा तुमच्याकडे चालत आला तरी मागे सरकण्याची जबाबदारी तुमची असते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या तंबूतील मंडळींनी छायाचित्रासाठी मुलाच्या हातात सफरचंद देऊन त्याला घोडीसमोर उभे केले होते. मी विनंती केली तेव्हा त्यांनी ऐकले, पण तोवर ती घोडी हात शोधायला शिकलेली होती.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. घोड्यांची पोटे फुगलेली दिसतात, ती लठ्ठपणामुळे नव्हे. खाजणातले खारट गवत हा त्यांचा मुख्य आहार आहे आणि त्या मिठामुळे त्यांना सामान्य घोड्याच्या जवळपास दुप्पट पाणी प्यावे लागते.

उत्तरवारा
रानजाई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आहे, पण एका बाबतीत मी अस्वस्थ आहे. मेरीलँडच्या घोड्यांना आपण वन्य म्हणतो आणि त्याच वेळी घोड्यांची पैदास लस टोचून रोखतो. मग ते वन्य कसे राहिले?

रानजाई
हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९६८ मध्ये मेरीलँडच्या कळपात २८ घोडे होते. पुढे संख्या शंभरीच्या बरीच वर गेली. घोडे इथले मूळ रहिवासी नाहीत आणि त्यांना खाणारा प्राणीही बेटावर नाही. संख्या वाढली की ते खाजणातले गवत आणि वाळूच्या टेकड्यांवरचे गवत खरवडून काढतात, आणि ज्या गवताने वाळू धरून ठेवली आहे तेच गेले की बेटच उघडे पडते. १९९४ पासून उद्यान सेवेने माद्यांना दुरून बाण मारून गर्भरोधक लस दिली आहे. घोड्यांना पकडावे लागत नाही, प्रत्येक घोडीला वंश पुढे नेण्याची संधी मिळते, आणि कळप ८० ते १००च्या आसपास ठेवण्याचे धोरण आहे. वारंवार विणाऱ्या घोड्यांपेक्षा या घोड्या अधिक वर्षे जगतात, हेही दिसून आले आहे. दरवर्षी शिंगरे विकण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक सौम्य वाटतो. शिंकटीगकरांना तो तसा वाटणार नाही, कारण त्यांचे अवघे गाव त्या परंपरेवर उभे आहे.

दीपमाळ
शिंकटीगकर नसूनही मला तो तसा वाटत नाही. ज्या घोड्यांच्या विक्रीतून गावाचे अग्निशमन दल चालते, त्या घोड्यांची काळजी गाव पिढ्यान्पिढ्या घेते. परंतु हा वाद इथेच थांबवू, अन्यथा पुळणवाट यांचा तंबू बाजूला राहील.

तिसऱ्याप्रेमी
कोकणी माणसासाठी बेटावरचे खरे आकर्षण घोडे नसून खाडी आहे, हे कुणीच सांगितले नाही! सिनेपक्सेंट खाडी उथळ आहे. उन्हाळ्यात कंबरभर पाण्यात उभे राहून पायांनी चाचपडत किंवा दाताळ्याने वाळू उकरून शिंपले काढता येतात. आपल्या तिसऱ्यांपेक्षा हे मोठे आणि जाड कवचाचे असतात. दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे धरण्याचा उद्योग तर मुलांना तासन्तास गुंतवतो. आकार, संख्या आणि परवाना यांचे नियम दोन्ही राज्यांत वेगळे आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी ते अवश्य पाहून घ्या.

इथे कोकणातल्यासारखी ओहोटी नसते, हेही सांगून ठेवतो. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची उंची चार-पाच मीटरने बदलते, तर असाटीगच्या समुद्रकिनाऱ्यावर साधारण एका मीटरने आणि आत खाडीत त्याहून कमी. त्यामुळे पाणी दूर ओसरून खाजण उघडे पडेल अशी वाट पाहत बसू नका, थेट पाण्यात उतरा. पायात जुने बूट हवेत, कारण शिंपल्यांच्या कडा कापतात.

अबोली
तिसऱ्याप्रेमी, शिंपले काढून तिथेच शिजवता का? खोबऱ्याचे वाटण बरोबर नेता येईल का, असा माझा प्रश्न आहे.

तिसऱ्याप्रेमी
अबोलीताई, वाटण घरून गोठवून नेतो, म्हणजे शीतपेटीत बर्फाचेही काम होते. प्रत्येक जागेवर लोखंडी कडे असलेली चूल असते. मात्र ताज्या शिंपल्यांत वाळू फार असते. त्यांना काही तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवावे, मगच शिजवावे. जेवण झाल्यावर भांडी, उरलेले अन्न आणि कचरा यांतले काहीही बाहेर ठेवू नये. सर्व गाडीत बंद करावे. रानजाईंनी सांगितलेला नियम कालवणालाही लागू आहे.

उत्तरवारा
तंबूविषयी कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. असाटीगवर तंबू पावसामुळे पडत नाहीत, वाऱ्यामुळे पडतात. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक मेखा वाळूत क्षणभरही टिकत नाहीत. निदान दीड फूट लांबीच्या, रुंद पात्याच्या, खास वाळूसाठीच्या मेखा घ्या आणि तंबूचे सर्व ताण बांधा. उंच, भिंतीसारखा उभा राहणारा तंबू नको, बुटका आणि घुमटाकार हवा. सावली हवीच, कारण समुद्राच्या बाजूला झाडे नाहीत, पण चार पायांचे हलके छत वारा उचलून शेजाऱ्यांकडे नेतो. वाळू भरलेल्या पिशव्या चारही पायांना बांधल्या तरच ते उभे राहते. विजांचे वादळ आले तर तंबू सोडून सर्वांनी गाडीत बसावे. सपाट वाळूवर तुम्हीच सर्वांत उंच असता.

मी स्वतः छोट्या नावेने खाडीतून जाऊन टिंगल्स आयलंड आणि पाइन ट्री या आडबाजूच्या मुक्कामांवर राहतो. तिथे पिण्याचे पाणी नाही आणि परवाना लागतो, म्हणून ते तुमच्या सहलीसाठी नाही. परंतु मुख्य छावणीतसुद्धा चंद्र नसलेल्या रात्री टेकडी ओलांडून पुळणीवर जा. पूर्वेला फक्त समुद्र असल्याने तिकडे दिव्यांचा उजेड नसतो आणि आकाशगंगा स्वच्छ दिसते. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलांनी ती पाहिलेली नसण्याचीच शक्यता अधिक. ठरलेल्या पायवाटेनेच टेकडी ओलांडावी, गवतावर पाय देऊ नये.

ओलीवाळू
गवताचा उल्लेख केलात हे बरे केलेत. टेकड्यांवर घसरगुंडी खेळणारी मुले आणि छायाचित्रे काढणारे त्यांचे पालक पाहून मला नेहमी वाईट वाटते.

खाडीवारा
हे बेट आज मोकळे आहे ते एका वादळामुळे, आणि त्याच्या खुणा तुमच्या मुलांना पायी चालून पाहता येतील. १९५०च्या दशकात मेरीलँडच्या बाजूला हजारो भूखंड पाडून विकले गेले होते आणि बाल्टिमोर बुलेवार्ड नावाचा डांबरी रस्ताही झाला होता. मार्च १९६२च्या वादळाने रस्ता उखडला आणि जी काही घरे उभी होती त्यांतील बहुतेक वाहून नेली. वाळूवर गाव वसवण्याची कल्पना त्यानंतर मागे पडली आणि १९६५ मध्ये हा राष्ट्रीय सागरकिनारा जाहीर झाला. टेकड्यांमधून जाणाऱ्या पायवाटेवर त्या डांबराचे तुकडे अजून दिसतात. उत्तरेला ओशन सिटीच्या इमारतींची रांग दिसते. तशीच रांग इथेही झाली असती.

ओशन सिटी आणि असाटीग यांच्यामधली खाडीमुखाची वाट १९३३च्या ऑगस्टमधील चक्रीवादळाने फोडली. बोटींसाठी ती उघडी राहावी म्हणून पुढे दगडी बांध घातले गेले आणि उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्या बांधांपाशी अडली. ओशन सिटीची पुळण रुंदावली आणि असाटीगचे उत्तर टोक उपाशी राहून पश्चिमेकडे सरकले. आता खाडीमुखातली वाळू उपसून वर्षातून दोनदा असाटीगच्या किनाऱ्याजवळ टाकली जाते. काहीजण म्हणतात की वाळूचे बेट सरकणारच, त्याला हात लावू नये. मला ते पटत नाही, कारण बांध घालून वाळू अडवणारे हात माणसाचेच होते आणि अडवलेली वाळू परत देणे हे आपले कर्तव्य आहे.

रानजाई
संपूर्ण सहमती. मात्र बेटाने सरकण्याचे काही लाभही आहेत. वादळाच्या लाटा टेकड्या ओलांडून वाळूची उघडी मैदाने तयार करतात आणि पाइपिंग प्लोवर हा चिमुकला, वाळूच्याच रंगाचा पक्षी नेमका तिथे घरटे करतो. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत काही भाग दोरी लावून बंद ठेवतात. मुलांना दोरी दिसली तर तिचे कारण सांगा. अंडी खड्यांसारखी दिसतात आणि पायाखाली आली तरी कळत नाहीत.

अबोली
मूळ प्रश्नाकडे परत येते. आई-बाबांना घेऊन आम्ही तिथे राहिलो आहोत. वडिलांचे गुडघे दुखतात. खाली वाळूत अंथरुणावरून उठणे त्यांना सर्वांत जड गेले, म्हणून घडीचे पलंग न्या. तंबू असा हवा की आत उभे राहून कपडे बदलता येतील. उत्तरवारा यांचा बुटका तंबू मुलांसाठी ठीक आहे, ज्येष्ठांसाठी मध्यम उंचीचा घेऊन ताण अधिक बांधा. मऊ वाळूत चालणे वयस्करांना फार थकवते, तेव्हा पुळणीपर्यंतचे अंतर पाहूनच जागा निवडा. खाजणावरून आणि पाइनच्या वनातून जाणाऱ्या दोन छोट्या वाटा फळ्यांच्या आहेत, चाकाची खुर्चीही जाते. आमच्या आईला खाजणावरची वाट समुद्रापेक्षा अधिक आवडली, कारण तिथे बगळे जवळून दिसले. पुलाच्या अलीकडे माहिती केंद्र आहे. तिथे मुलांना सागरी जीवांना हात लावून पाहता येते, आणि ऊन फार झाले तर आत गारव्यात बसता येते.

पुळणवाट
अबोलीताई, आपण फार नेमके लिहिले आहे. सर्वांचे वाचून आम्ही जुलै सोडला. ऑक्टोबरच्या आरंभी मुलांना सोमवारची सुट्टी जोडून येते, तेव्हा राज्य उद्यानात दोन रात्री राहावे असे ठरत आहे. सासऱ्यांना थंडी सोसेल ना, आणि मुलांना पाण्यात उतरता येईल का, एवढीच शंका उरली आहे.

खाडीवारा
समुद्र जमिनीपेक्षा सावकाश थंड होतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या आरंभी पाय भिजवण्याइतके पाणी सुसह्य असते. पोहण्याचा आग्रह मात्र नको, कारण तेव्हा जीवरक्षक नसतात आणि किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह असतात. रात्री जाड पांघरुणे लागतील. हा चक्रीवादळांचाही काळ आहे, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामानावर लक्ष ठेवा. वादळ दूर समुद्रात असले तरी लाटा उग्र होतात आणि पुळण अरुंद होते. तशी सूचना आली तर हट्ट न करता बेत पुढे ढकला.

रानजाई
त्या दिवसांत मोनार्क फुलपाखरे दक्षिणेकडे जाताना या बेटावर उतरतात आणि टेकड्यांमागच्या पिवळ्या फुलांवर बसतात. ससाणेही याच किनाऱ्याने स्थलांतर करतात. ज्येष्ठांसाठी एक दुर्बीण अवश्य ठेवा. थंडी पडली तरी गवतात गोचिडी असतात, म्हणून संध्याकाळी सर्वांचे पाय आणि मुलांचे केस तपासावेत.

उत्तरवारा
आरक्षणाविषयी: राज्य उद्यानाचे आरक्षण मेरीलँड राज्याच्या व्यवस्थेतून होते आणि राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचे संघराज्याच्या वेगळ्या व्यवस्थेतून, जिथे ते सहा महिने आधी खुले होते. सुट्टीचे दिवस लगेच भरतात. राज्य उद्यान मिळाले नाही तर दुसरीकडे समुद्राच्या बाजूची, शौचालयाजवळची जागा पाहा आणि सासूबाईंना पुन्हा एकदा विचारा.

मितभाषी
शुक्रवारी संध्याकाळी निघू नका. न्यू जर्सीहून डेलावेअरमार्गे या, म्हणजे चेसापीक खाडीच्या पुलावरची रांग तुमच्या वाट्याला येणार नाही. वॉशिंग्टनहून येणाऱ्यांना ती टळत नाही. दुपारच्या आत बेटावर पोहोचलात तर वारा वाढण्यापूर्वी दोन्ही तंबू उभे राहतील. सरपण मात्र घरून आणू नका, तिथेच जवळपास विकत घ्या, कारण लाकडातून झाडांची कीड दूरवर पसरते.

पुळणवाट
मितभाषी, आपण यावेळी सविस्तर लिहिलेत याबद्दल विशेष आभार. राज्य उद्यानात समुद्राच्या बाजूची, स्नानगृहापासून जवळची जागा आज मिळाली. आता वाळूच्या मेखा आणि घडीचे दोन पलंग घ्यायचे आहेत. पलंगांच्या पायांखाली वाळूत रुतू नयेत म्हणून काय ठेवता, हे कुणी सांगेल का?

अबोली
जाड प्लायवुडचे चौकोनी तुकडे कापून घ्या, साधारण वीतभर. कडा घासून गुळगुळीत करा, म्हणजे तंबूचे तळकापड फाटणार नाही.